‘माही माय’ची ‘माझी आई’ करू नका

पत्र:

‘नागपुरात मानेवाड्याला माझा गाण्याचा क्लास आहे, बावीस वर्षं झाली. मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, निकाल चांगला लागतो. पण प्रवेशिका ही सुरुवातीची परीक्षा झाली की गळती सुरू होते. हातात मोबाइल, कानात रॅप. मी भूप राग सांगत असते आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. यंदा मागच्या वस्तीतला चौदा वर्षांचा एक मुलगा आला. गळा साधा, लय मात्र पक्की. मे महिन्यात त्यानं स्वतः रचलेलं रॅप म्हणून दाखवलं:

टँकर आला, टँकर आला, गल्ली सारी पये
माही माय रांगेत उभी, डबा माहा टये

म्हणताना तो ‘माय’वर जरासा थांबतो. मी त्याला “माझी आई”, “पळे”, “टळे” असं सुधारून दिलं. त्यानं वही मिटली. बाकीच्या मुलांनी मात्र त्याच्याच शब्दांत ते पाठ केलं. एकीनं त्याला म्हणायला लावून रील टाकलं, ते दोन दिवसांत खूप फिरलं. मग एक पालक बाई आल्या. म्हणाल्या, “आम्ही मुलीला गाणं शिकायला पाठवतो, वस्तीतली गाणी शिकायला नाही. उद्या जयंतीची गाणीही शिकवाल.” माझा मुलगा म्हणतो, आई, चॅनेल काढ. सिनेमातलं गाणं गुणगुणले म्हणून माझ्या गुरुजींनी मला महिनाभर वर्गाबाहेर बसवलं होतं. दार उघडं ठेवलं तर शास्त्र पातळ होईल अशी भीती वाटते, बंद ठेवलं तर वर्ग रिकामा होईल. त्यात या मुलाच्या गैरहजेऱ्या फार. टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, नेमका त्याच्या क्लासच्या दिवशी. मी काय करू?’

उत्तर:

ताई,

वयानं मी तुमच्यापेक्षा मोठी असेन, तरी ताईच म्हणते. गाणं शिकवणाऱ्या बाईला आपल्याकडे हेच नाव आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘त्यानं वही मिटली’ या वाक्याशी थांबले. गळती, रील, चॅनेल, त्या पालक बाई, सगळ्याबद्दल बोलू. आधी वहीबद्दल बोलू द्या.

त्या दोन ओळी मी टेबलावर बोटांनी केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, धरून म्हणून पाहिल्या. ‘टँकर आला, टँकर आला’ या बरोबर सोळा मात्रा, म्हणजे केरव्याची दोन आवर्तनं, कुठेही ओढाताण नाही. ‘गल्ली सारी पये’ अकरा, पुढे पाच मात्रा मोकळ्या. त्या मोकळ्या जागेत टँकरमागे पळणारे पाय ऐकू येतात. आता दुसरी ओळ. ‘माही माय रांगेत उभी’ याच्या पंधराच मात्रा भरतात. एक कमी. ती तो ‘माय’वर थांबून भरून काढतो. तुम्ही ‘माझी आई’ केलंत, मोजून पाहा, सोळाच्या सोळा झाल्या. हिशेब चोख बसला, पण आता थांबायला जागाच उरली नाही. आई रांगेत उभी आहे आणि ओळ मात्र पुढे निघून जाते. चौदा वर्षांच्या मुलानं कुणी न शिकवता जी जागा घेतली, ती आपण शुद्धलेखनापायी पुसली. तुम्ही ते प्रेमानंच केलंत हे मला कळतं. तरी त्याला बोलवा आणि सांगा की मी चुकले, तुझे शब्द तुझेच राहू देत. मग ती थांबलेली मात्रा त्याला हातावर मोजून दाखवा. आपण नकळत काय केलं हे त्याला कळू दे. तेवढं झालं की त्याचं संगीतशिक्षण सुरू झालं असं समजा.

शास्त्र पातळ होण्याची भीती आता पाहू. ही भीती तुमच्या गुरुजींच्याही आधीची आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं, तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासाभराचा राग तीन मिनिटांत कसला गाणार, असं तेव्हाही वाटलंच असणार. पण त्या काळच्या गवयांनी ती तीन मिनिटं अशी घासली की आजही आपण त्या तबकड्या ऐकून बंदिशीची मांडणी शिकतो. आकाशवाणीनं १९४० साली पेटीच बंद केली. आपल्या श्रुतींना, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांना, ती परकी, असं कारण दिलं गेलं. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली आणि त्या सगळ्या काळात घरोघरी, देवळात, नाटकात पेटी वाजतच होती. १९५२नंतर केंद्रीय मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून शास्त्रीय संगीताकडे गेले नाहीत, त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. तुमच्या वर्गातला मोबाइल म्हणजे आजचं रेडिओ सिलोन आहे. तो बंद करायचं तुमच्या हातात नाही. पण त्यावर काय आणि कसं ऐकायचं, हे शिकवणं आहे.

आणि नागपूरनं तर ही भीती केव्हाच मागे टाकली होती. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात तुमची मुलं कार्यक्रम ऐकायला जातात, त्यावर वसंतराव देशपांडे यांचं नाव आहे. ते इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, पुढे ख्याल गायले, ठुमरी, गझल, लावणी आणि नाट्यपदंही गायले. एकानं दुसऱ्याला पातळ केलं नाही, उलट लावणीतला झणका त्यांच्या ख्यालात उतरला, असं मला त्यांना ऐकताना कायम वाटत आलंय. संगीत नाटकांनी तर ठुमरी-कजरीच्या चाली, लावण्या, कर्नाटकी वळणं, जे गोड लागलं ते घेतलं. आज आपण त्यालाच ‘शुद्ध परंपरा’ म्हणतो.

रॅप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून आलं, १९७३च्या आसपास, काळ्या आणि गरीब वस्तीतल्या मुलांच्या पार्ट्यांमधून. तिथलं श्रेय तिथल्या मुलांनाच द्यायचं, आपल्याकडे आधीपासून सगळं होतं अशी बढाई मारायची नाही. मात्र कान ओळख पटवून घेतो. अठराव्या शतकातल्या अमृतरायांचा एखादा कटाव त्या मुलाला द्या, श्वास न सोडता म्हणायला सांगा. अनुप्रासांची ती घोडदौड त्याला लगेच कळेल, कदाचित तुमच्याआधी कळेल. कलगी-तुऱ्याच्या फडांचे सवाल-जवाब सांगा, शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना कोडी घालत, ती समोरच्याला तिथेच सोडवावी लागत. रॅपवाले ज्याला ट्रिप्लेट म्हणतात ती आपली तिगुन, एका मात्रेत तीन. त्याला तिगुन हातावर पक्की करायला लावा, मग त्याच्या दुसऱ्या कडव्यात ती कुठे टाकायची ते त्याला ठरवू द्या. त्या पाच मोकळ्या मात्रांत तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, बसवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला सांगा. दहा वेळा चुकेल, अकराव्या वेळी सम येईल. इथे सूट देऊ नका. लोकप्रिय गाणं वर्गात आलं म्हणून लाडानं वागवायचं नाही, भूपाला जेवढी मेहनत लागते तेवढीच यालाही घ्यायला लावायची. मुलं शास्त्राला कंटाळत नाहीत, ताई. आपलं रोजचं जगणं त्या खोलीत शिरूच शकत नाही, याला कंटाळतात.

आता त्या पालक बाई. ‘वस्तीतली गाणी’ आणि ‘जयंतीची गाणी’ या शब्दांत जात आहे. तुम्हाला ते कळलंय, म्हणूनच तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं लिहिलंत. मी यावर मोठ्या आवाजात बोलायच्या लायकीची नाही, का ते सांगते. पंचविशीत मी एका शाळेत गाणं शिकवत होते. स्नेहसंमेलनासाठी निवड चालली होती. आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिनं भीमगीत सुरू केलं. आवाज खणखणीत, सूर जराही हलत नव्हता. मी तिला मधेच थांबवून म्हटलं, हे नको, एखादं भक्तिगीत म्हण. ती म्हणाली, ‘बाई, हेच आमचं भक्तिगीत आहे.’ मी पुढचं नाव पुकारलं. ती नंतर गाण्याच्या तासाला आलीच नाही. मला कुणी जाब विचारला नाही, कारण तेव्हा शाळेत सगळ्यांना हे साहजिकच वाटलं. मला तिचा चेहरा अजून आठवतो.

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी लाखोंना धम्माची दीक्षा दिली, तिथे राहून मी ते केलं. दरवर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांची दुकानं लागतात. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे लोककवी गावोगाव फिरले, त्यांची गाणी ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्यांच्या तोंडी बसली. या गाण्यांनी कव्वालीचा ठेका घेतला, सिनेमाच्या चाली घेतल्या, लोकगीतांची वळणं घेतली आणि त्यातून हक्काची भाषा सांगितली. संगीत, लोकांची आवड, नवं माध्यम आणि समाजाचा प्रश्न हे चारही एकत्र कसे येतात, याचा याहून मोठा धडा मला तरी माहीत नाही. तो आपल्या अभ्यासक्रमात नाही आणि दीक्षाभूमी तुमच्या क्लासपासून काही फार लांब नाही.

हे एकाच समाजाचं आहे असंही नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या. भजनातून इतकं धगधगतं बोलत की १९४२ साली इंग्रजांनी त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण त्या खंजिरीचा ठेका तुमच्या किती मुलांना वाजवता येतो? ताजबागेतल्या दर्ग्यातली कव्वाली घ्या. तान्हा पोळ्याच्या दिवशी निघणारी मारबत घ्या. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे, मागे बडगे म्हणजे आणखी पुतळे, त्यांच्यावर त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, जे सलत असेल ते लिहिलेलं, आणि गल्लीभर ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ चा गजर. शंभराहून जास्त वर्षं हे शहर आपलं दुखणं लयीत ओरडून वेशीबाहेर नेत आलंय. तुमच्या त्या मुलाच्या ओळी याच घरातल्या आहेत. मुलांना मिरवणुकीला घेऊन जा, मोबाइलवर फक्त आवाज टिपायला सांगा, आल्यावर तो गजर किती मात्रांचा आहे ते काढायला लावा. पुढे मागितलं तर बडग्यासाठी चार ओळीही करतील.

एक सावधगिरी. सामाजिक विषय वर्गात आला की आपण शिक्षक लगेच विषय वाटायला लागतो: तू पाणी वाचवा, तू झाडं लावा, तू प्लास्टिक. त्यातून घोषणा तयार होतात, गाणं होत नाही. टँकरच्या ओळी चांगल्या आहेत, कारण त्यात ‘पाणीटंचाई’ हा शब्दच नाही. डबा आहे. मुलांना विषय देऊ नका, प्रश्न द्या. सकाळी उठल्यावर पहिला आवाज कोणता ऐकू येतो? घरात कोण कधीच गात नाही? नाग नदीवरच्या पुलावरून जाताना तू नाकाला हात लावतेस, तेव्हा बरोबरची माणसं काय बोलत असतात? आणि एखाद्या मुलाला असलं काही लिहायचंच नसेल, त्याला नुसता यमन हवा असेल, तर त्याला यमनच द्या. शांत बसून सा लावणं हाही त्याचा हक्क आहे.

मोबाइल वर्गात आणाच, पण हत्यार म्हणून. यातला एक प्रयोग माझा फार आवडता आहे. बँडलॅबसारखं फुकट मिळणारं ॲप घ्या. एका मुलीला दरबारी रागातला कोमल गंधार आंदोलनासह, म्हणजे हळू झुलवत, गायला लावून रेकॉर्ड करा. मग त्यावर सूर दुरुस्त करणारी सोय पूर्ण जोरात चालवा. १९९७ साली ऑटो-ट्यून बाजारात आलं, तेव्हापासून ही सोय बहुतेक तयार गाण्यांत कुठे ना कुठे असते. ती प्रत्येक सूर ओढून बारा ठरलेल्या पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर नेऊन बसवते. दोन्ही आवाज एकामागून एक ऐकवा. दुसऱ्यात आंदोलन मेलेलं असेल, गंधार पेटीच्या पट्टीसारखा सरळ उभा. मुलांना काही समजावून सांगू नका, त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहा. गंधार म्हणजे एक बिंदू नसून एक हलती जागा आहे, हे मला वर्षभर बोलून समजावता आलं नव्हतं, ते तिथे दोन मिनिटांत समजतं. मग त्यांच्या आवडत्या गाण्यात ही सोय कुठे चुकून नाही तर मुद्दाम, रंगासाठी वापरली आहे तेही शोधायला सांगा. यंत्राला शिव्या द्यायच्या नाहीत, त्यानं काय केलं ते कानानं ओळखायचं.

दुसरा प्रयोग गणपतीत करा. आवाज मोजणारं ॲप उघडून घराच्या गच्चीवरून डीजेचा आवाज मोजायला सांगा. रहिवासी भागात नियमानं दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. मोबाइलचा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण फरक इतका असतो की काटेकोरपणाची गरज पडत नाही. शेजारी कुणी आजारी आहे का, तान्हं बाळ आहे का, हेही लिहून आणू देत. हा धडा जयंतीच्या डीजेला जेवढा लागू, तेवढाच गणपतीच्या आणि लग्नाच्या वरातीच्या. एकालाच धारेवर धराल तर मुलांना लगेच कळेल.

चॅनेलबद्दल माझं मत तुमच्या मुलाला आवडणार नाही. सध्या काढू नका. वर्गात जे चुकायला मोकळं असतं ते कॅमेऱ्यासमोर चुकायला मोकळं राहत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला पाहणाऱ्यांचे आकडे मोजायची सवय लागली की मात्रा मोजायची सुटते. ते रील मुलाच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीशिवाय टाकलं असेल तर आधी उतरवायला सांगा. रांगेत उभी असलेली आई त्यांची आहे, ती लोकांना दाखवायची की नाही हे त्या घरानं ठरवायचं. पुढे कधी टाकायचं ठरलंच, तर अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती घ्या, चेहरे शक्यतो नकोत, शाळेचा गणवेश आणि घराची पाटी तर नकोच, आणि रचनाकार म्हणून त्या मुलाचं नाव त्याला हवं असेल तर, हवं तसं. मागे वाजणारा ठेका दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला नसावा. जुनी पारंपरिक चाल सगळ्यांची असते, पण कालपरवाचं रेकॉर्डिंग मालकीचं असतं, ६० वर्षांपर्यंत. ठेका तुमच्या तबलजीकडून वाजवून घ्या. तेच बरं वाजेल.

परीक्षा बंद करू नका. विशारद झालेल्या मुलीला पुढे नोकरीत त्या कागदाचा उपयोग होतो, आणि ज्यांच्या घरी कुणी गाणारं नाही त्यांना तर तो जास्तच लागतो. तासातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं या कामाला द्या, तेवढी पुरतात.

त्या बाईंना मात्र स्वतः भेटा, फोनवर नको. भांडू नका आणि माफीही मागू नका. त्यांच्या मुलीलाच त्यांच्यासमोर त्या दोन ओळी म्हणायला सांगा आणि म्हणताना केरवा हातावर धरायला लावा. मग विचारा, हिची लय गेल्या वर्षीपेक्षा पक्की झाली की कच्ची. ‘जयंतीची गाणीही शिकवाल’ याला उत्तर एका शब्दाचं आहे, ‘हो’. एवढ्यावर त्यांनी मुलीला काढून घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल, एका फीचं नुकसानही होईल. तरीही तो ‘हो’ गिळू नका. मी एकदा गिळला होता.

आणि त्या गैरहजेऱ्या. टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो हे तुम्हीच लिहिलंय. हजेरीपटावरच्या त्या फुल्या खोडा आणि त्याला बुधवार-शनिवारची वेळ द्या.